पेट्रोल कोण भरत होतं? : एका प्रेमकादंबरीच्या हस्तलिखिताचं प्रकरण

मागच्या वर्षी मार्चमध्ये एका प्रकाशकांनी माझ्याकडे एक हस्तलिखित पाठवलं. लेखिकेची पहिलीच कादंबरी, ८८,००० शब्दांची. सोबत चिठ्ठी होती : "विषय चांगला, भाषा चांगली, पण वाचून काही होत नाही. कुठे अडलंय ते बघा." संपादनाच्या कामात मला हीच तक्रार सगळ्यात अवघड वाटते. व्याकरण सुधारता येतं, पाल्हाळ कापता येतो. वाचून काही होत नाही म्हटल्यावर हात कुठे घालायचा तेच कळत नाही.

या हस्तलिखितावर आम्ही दोघींनी अकरा महिने काम केलं. ते कसं झालं हे लेखिकेच्या परवानगीनं लिहिते आहे. त्यांचं आणि पुस्तकाचं नाव देत नाही. पात्रांची नावं मात्र कादंबरीतलीच ठेवली आहेत, कारण त्यातल्या एका नावाशी या प्रकरणाची गाठ आहे.

कथा अशी. ज्योत्स्ना सांगलीची. २००८ मध्ये लग्न होऊन ती पुण्याला येते. सासरी तिचं नाव बदलून मानसी ठेवतात. सहा-सात वर्षांत संसार मोडतो, २०१६ च्या जानेवारीत घटस्फोट होतो. ती माहेरी परत येते, एका पतसंस्थेत नोकरी धरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर येतो, ज्योत्स्ना घराच्या गच्चीवर अडकते, आणि तिला सोडवायला आलेल्या बोटीत अमेरिकेहून परतलेला एक देखणा इंजिनिअर असतो. पुढे प्रेम, घरच्यांचा विरोध, शेवटी लग्न.

पहिल्या वाचनात माझं निदान चुकलं. बोटीतला नायक बघून मला वाटलं, दुखणं इथेच आहे. मी चार पानी टिपण लिहिलं : हा माणूस खरा वाटत नाही, त्याला काही उणीव द्या, अमेरिका काढून टाका. लेखिकेनं मनापासून काम केलं. दीड महिन्यानं नवा खर्डा आला, त्यात इंजिनिअर सांगलीचाच झाला होता, जरा लंगडत होता, आईशी भांडत होता. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तरीही काही झालं नाही. उलट आता तो लंगडा माणूस नीट दिसत होता आणि ज्योत्स्नाच दिसत नव्हती.

तेव्हा मी जुनी सवय कामाला लावली. पेन्सिल घेऊन, पहिला नवरा ज्या ज्या वाक्यात येतो त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारत गेले. त्याचं नाव समीर. एक्केचाळीस ठिकाणी तो सापडला. या एक्केचाळीस ठिकाणी समीर काय करतो? ओरडतो. पिऊन येतो. तिचा वाढदिवस विसरतो. आईची बाजू घेतो. खोटं बोलतो. एकदा हात उगारतो. ऑफिसातल्या एका बाईशी त्याचं काहीतरी असतं. एवढ्या वर्षांत या माणसानं एकदाही चहा केलेला नाही, एकदाही तिच्या बोलण्यावर हसलेला नाही, त्याला एकदाही ताप आलेला नाही. तो संसारात कुठे राहतच नव्हता, फक्त गुन्हे करायला पानावर येऊन जात होता.

आणि मग लक्षात आलं की मन मोडण्याची कादंबरी म्हणून जे माझ्यापुढे आहे त्यात मन मोडलेलंच नाही. मन मोडायला आधी ते लागलेलं असावं लागतं. अशा माणसाच्या घरातून बाहेर पडणाऱ्या बाईची सुटका होते, आणि सुटका झालेल्या बाईला बरं व्हायला तीन वर्षं आणि दोनशे पानं का लागावीत? दुसरा माणूस कितीही चांगला रंगवला तरी त्याला करायला कामच उरत नव्हतं.

मी लेखिकेला फोन केला. त्या सांगलीलाच असतात, बँकेत आहेत. संध्याकाळी सहानंतरच बोलता येतं.

"तुम्हाला समीर कधी आवडला होता का?" मी विचारलं.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, पहिल्या खर्ड्यात तो बरा होता हो. खूप बरा होता. मग मैत्रिणींना वाचायला दिलं. सगळ्यांनी एकच विचारलं, मग हिनं सोडलं का? म्हणून मी एकेक घालत गेले. दारू घातली. मग ती बाई घातली. तरी एक मैत्रीण म्हणाली, एवढ्यावरून कोणी संसार मोडतं का? मग हात उगारलेला घातला."

हे ऐकून मी वही मिटून ठेवली. त्यांनी जे सांगितलं ते फक्त कादंबरीचं नव्हतं. आपल्याकडे बाईला घर सोडताना कारण सिद्ध करावं लागतं. माहेरी, शेजारी, नोकरीच्या ठिकाणी, दरवेळी नव्यानं. कारण पुरेसं मोठं नसेल तर दोष तिच्याकडे येतो. लेखिकेनं नायिकेसाठी तेच केलं होतं, साक्षीपुरावे गोळा केले होते. मला आणखी एक खटकलं आणि तेही मी त्यांना सांगितलं. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायका खऱ्या असतात. त्यांची गोष्ट संपूर्ण पुस्तक मागते. ती हातोहात उसनी आणून दुसऱ्या गोष्टीला टेकू म्हणून लावायची नसते. त्यांना ते लगेच पटलं.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला : ज्योत्स्नाचा घटस्फोट कुठल्या कलमाखाली झाला? त्या म्हणाल्या, परस्पर संमतीनं. हस्तलिखितात तसंच होतं, मात्र अर्ध्या परिच्छेदात : दोघं कोर्टात गेले, सह्या केल्या, बाहेर आले.

इथे थोडा कायदा सांगायला हवा, कारण कादंबरीची दुरुस्ती तिथूनच सुरू झाली. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातलं कलम १३ दोषावर उभं आहे. क्रूरता, व्यभिचार, परित्याग असं काहीतरी दुसऱ्या बाजूवर ठेवायचं आणि शाबीत करायचं. १९७६ च्या दुरुस्तीनं त्यात कलम १३ ब आलं, ते परस्पर संमतीचं. तिथे कोणाला गुन्हेगार ठरवावं लागत नाही. आम्ही वर्षभर वेगळे राहतो आहोत, आम्हाला एकत्र राहणं जमलं नाही, वेगळं व्हायचं आमचं दोघांचं ठरलं आहे, एवढं सांगायचं. ज्योत्स्नाचा घटस्फोट १३ ब खाली झाला होता आणि लेखिकेनं कादंबरी मात्र कलम १३ खाली लिहिली होती. मी त्यांना हे असंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला : "रात्रभर तेच डोक्यात आहे."

१३ ब मध्ये आणखी एक गोष्ट आहे. पहिला अर्ज दिल्यावर लगेच हुकूमनामा मिळत नाही. किमान सहा महिने थांबायचं, अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन सांगायचं की आमचं अजून तेच म्हणणं आहे. हे सहा महिने प्रत्येक प्रकरणात सक्तीचे नाहीत, न्यायालय परिस्थिती बघून ते माफ करू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१७ मध्ये आला. ज्योत्स्नाचा अर्ज २०१५ च्या जूनमधला. म्हणजे तिला थांबावंच लागलं असणार. जून ते जानेवारी हा काळ हस्तलिखितात नव्हताच. लग्न अजून आहे आणि संसार नाही, असे सहा महिने. मी म्हटलं, तुमची कादंबरी तिथे आहे.

थोडं मागचंही सांगते, कारण साक्षीपुरावे गोळा करण्याची ही सवय एकट्या या लेखिकेची नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षीची. त्यातली यमुना विधवा होते आणि शेवटी तिचा पुनर्विवाह होतो. म्हणजे आपल्या कादंबरीचा जन्मच बाईच्या दुसऱ्या लग्नाच्या प्रश्नावर झाला आहे. पण तिथे दुसरं लग्न हा समाजापुढे मांडलेला मुद्दा आहे. तो त्या काळी मांडायलाच हवा होता. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला कायद्यानं घटस्फोट मिळू लागला तो १९४७ च्या प्रांतिक कायद्यानंतर, आणि देशभर १९५५ नंतर. त्याआधी जिचं मन संसारातून उठलं तिच्यापुढे कायद्याचं दारच नव्हतं. इतकी वर्षं वाद घालत आलेल्या भाषेत वाद न घालता लिहायचं हे सोपं नाही. मला लेखिकेचा राग कधीच आला नाही तो यामुळे.

आता दुरुस्ती. मी त्यांना एकच काम दिलं : समीर रोज करायचा अशी एक गोष्ट शोधा, जिच्याकडे ज्योत्स्नाचं कधी लक्ष गेलं नाही. मोठी नको. भेटवस्तू नको, सहल नको, कविता तर अजिबात नको.

तीन आठवड्यांनी त्यांनी दोन पानं पाठवली. ज्योत्स्ना वेगळी राहायला लागून दहा दिवस झाले आहेत. कोथरूडला एका खोलीत राहते, ऑफिसला अ‍ॅक्टिव्हावर जाते. सकाळी कर्वे रोडवर गाडी आचके देते आणि बंद पडते. ती बाजूला घेते, स्टार्टर मारते, किक मारते. मागचे हॉर्न वाजवतात. एक पोरगा थांबून गाडी हलवून बघतो, आत काही डुचमळतं का ऐकतो आणि म्हणतो, "ताई, पेट्रोल संपलंय." ती म्हणते, "असं कसं संपेल?" आणि गाडी ढकलत पंपाकडे जाताना तिच्या लक्षात येतं की लग्नापासून आजवर तिनं या गाडीत पेट्रोल भरलेलंच नाही. दर रविवारी रात्री जेवण झाल्यावर समीर खाली जायचा. ती समजायची, सिगरेटला जातो. पंपावर पोचल्यावर माणूस विचारतो, किती? तिला सांगता येत नाही. टाकीत किती मावतं तेच तिला माहीत नसतं.

ती दोन पानं मी उभ्यानंच वाचली. तिथे पहिल्यांदा मला रडू आलं.

या प्रसंगाची ताकद कशात आहे ते सांगायला हवं. समीरचा चांगुलपणा त्यात आहे हे खरं, पण तेवढंच असतं तर मैत्रिणींचा प्रश्न तसाच राहिला असता : मग सोडलं का? उत्तरही त्याच रविवारच्या रात्रीत आहे. हा माणूस सगळं न बोलता करायचा. पेट्रोल न बोलता भरायचा, तसंच मूल नको हे त्यानं न बोलता ठरवून टाकलं होतं, आईला कायमचं घरी आणायचं न बोलता ठरवलं होतं, दुसऱ्या शहरातली नोकरी न बोलता नाकारली होती. ज्या स्वभावानं तिची गाडी कधी बंद पडू दिली नाही त्याच स्वभावाशेजारी ती सहा-सात वर्षं एकटी राहिली. दारू काढली, ती बाई काढली, उगारलेला हात काढला. एक्केचाळीसपैकी नऊ रेघा उरल्या. तरी आता ज्योत्स्ना घर का सोडते हे कोणाला विचारावंसं वाटत नव्हतं.

मग सहा महिने लिहायला घेतले. मी वकिलांकडून माहिती घेतली, लेखिका एकदा पुण्याला येऊन शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात दिवसभर बसून गेल्या. तिथे समुपदेशकाच्या खोलीबाहेर बाकावर शेजारी शेजारी बसलेली जोडपी बघून त्यांना एक गोष्ट कळली आणि ती फार मोलाची होती. माणसं तिथे भांडत नाहीत, फार हळू बोलतात, आणि बहुतेक कागदांबद्दल बोलतात. म्हणून जून ते जानेवारीत ज्योत्स्ना आणि समीर चारदा भेटतात ते चारही वेळा कामासाठी. गॅसचं कार्ड कोणाच्या नावावर. बँकेचा लॉकर बंद करायचा, दोघांच्या सह्या हव्यात. विम्यावरचं वारसाचं नाव बदलायचं. आणि शेवटी भांडी.

भांड्यांचा प्रसंग जवळून दाखवते. संमतीच्या अटींना जोडलेली वस्तूंची यादी आहे आणि समीर पोत्यात भरून भांडी घेऊन आला आहे. ती एकेक काढून यादीवर खूण करते. लग्नातली भांडी, सगळ्यांवर नावं घातलेली. ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं, दुकानदाराच्या हातातलं मशीन घरघरत असताना उमटलेली. मामांनी दिलेल्या मोठ्या पातेल्यावर 'चि. सौ. कां. ज्योत्स्ना हिस'. सासरकडच्या आत्याबाईंच्या डब्यावर 'सौ. मानसी'. घासून घासून 'सौ.' पुसट झालेलं, पण बोट फिरवलं की लागतं. ती विचारते, "हा डबा कोणाचा?" यादीत तो नाही. समीर म्हणतो, "तुझंच नाव आहे ना." ती म्हणते, "माझं कुठे?" दोघंही गप्प राहतात. तांदळात अंगठीनं ते नाव त्यानंच लिहिलं होतं. डबा जमिनीवर तसाच राहतो. मग तो जायला निघतो, दारात चप्पल घालताना विचारतो, "पेट्रोल भरतेस ना?" ती म्हणते, "हो."

यापुढे लेखिकेनं आणखी पाऊण पान लिहिलं होतं. ती दार लावते, खाली बसते, रडते, तिला सगळं आठवतं. मी ते कापलं. त्यांनी एकदा परत घातलं, मी पुन्हा कापलं, मग त्यांनी राहू दिलं.

इथपर्यंत आल्यावर दुसऱ्या माणसाचा प्रश्न आपोआप बदलला. पहिल्या खर्ड्यात नायक गुन्हेगाराच्या उलटा असायला हवा होता म्हणून तो देवदूत झाला होता. आता तो समीरच्या उलटा असण्याची गरजच नव्हती. त्याला फक्त विचारता यायला हवं होतं.

बोट मात्र मी वेगळ्याच कारणासाठी काढायला लावली आणि त्यावर मी ठाम होते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडून गेली. हे पुस्तक सगळ्यात आधी सांगली-कोल्हापूरकडे वाचलं जाणार. त्या आठवड्यातली बोट तिथल्या माणसापुढे प्रेमाची सजावट म्हणून ठेवता येणार नाही. लेखिका म्हणाल्या, "ताई, आमच्या गल्लीत पाणी आलं होतं, मला हे सुचायला हवं होतं." सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्यांनी स्वतः बघितलेलं होतं, आणि तरी लिहिताना सिनेमातला पूर लिहिला गेला. अनुभव असला की लिखाण खरं होतंच असं नाही, हे मी वारंवार बघते.

मग तो माणूस कुठून आणायचा? हे उत्तर लेखिकेचं, माझं नव्हे. त्यांना ते नावातून सापडलं.

घटस्फोटानंतर ज्योत्स्नाला आपलं नाव परत हवं आहे. पॅन, आधार, बँक, सगळीकडे मानसी आणि समीरचं आडनाव. त्यासाठी ती राजपत्रात नाव बदलून घ्यायचं ठरवते. सांगलीत कोर्टाजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे अर्ज टाइप करून भरून देतात. दुकानदार चाळिशीचा, बायको आजारात गेलेली, आठ वर्षांची मुलगी शाळा सुटली की काउंटरमागे बसून गृहपाठ करते. तो विचारतो, जुनं नाव? मानसी. नवीन नाव? ज्योत्स्ना. कारण? घटस्फोट. तीन रकान्यांत तिचं सगळं आयुष्य त्याच्यासमोर येतं आणि तो त्यावर काहीही बोलत नाही. फक्त टाइप करता करता थांबतो आणि विचारतो, "त ला स जोडून ना? लोक त खातात." तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावरसुद्धा 'ज्योस्ना' आहे. तो स्क्रीन तिच्याकडे वळवतो, एकेक अक्षर बोटानं दाखवतो, दोनदा वाचून घेतो आणि म्हणतो, "छापून आल्यावर बदलायला फार त्रास होतो. आत्ताच बघून घ्या."

संपादक म्हणून मला हा माणूस आवडला हे उघड आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कथेच्या पोटातून तो आला. समीर न विचारता करायचा, हा करण्याआधी विचारतो. हे लेखिकेनं कुठेही सांगितलेलं नाही. एका ठिकाणी होतं, 'किती वेगळा होता हा माणूस', ते वाक्य आम्ही काढलं.

नावाबद्दल एक आठवण मी त्यांना सांगितली होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, ते स्वतःही विधुर होते. त्या काळात ते केवढं धाडस होतं हे वेगळं सांगायला नको. लग्नानंतर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. इतक्या मोठ्या सुधारणेतही बाईचं नाव बदलायचंच राहिलं. लेखिकेनं हे कादंबरीत वापरलं नाही, ते योग्यच केलं. मात्र त्यानंतर त्यांनी झेरॉक्सवाल्याला एक प्रश्न दिला, लग्नाचं बोलणं निघतं तिथे. तो म्हणतो, "आडनाव काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मला फक्त फॉर्मवर लिहायला आधी सांगा."

पूरही राहिला, पण जागेवर आला. दुकान तळमजल्यावर. दोन झेरॉक्स मशीनं, संगणक, लोकांचे न नेलेले कागद. तो आणि ज्योत्स्ना रात्रभर कागदाचे गठ्ठे माडीवर नेतात. जन्माचे दाखले, सातबारे, कोणाच्या तरी मुलीची गुणपत्रिका. मशीनं उचलत नाहीत, ती पाण्याखाली जातात. आठ-दहा दिवसांनी पाणी ओसरल्यावर गाळ काढताना त्याची मुलगी विचारते, "बाबा, आता आपण काय करायचं?" आणि तो पहिल्यांदा ज्योत्स्नाकडे बघतो, उत्तरासाठी. पन्नासेक पानं आधीपासून ती मदत घेणारी होती. इथे बाजू बदलते. पुराचं कादंबरीतलं काम एवढंच, ते अकरा पानांत होतं. पहिल्या खर्ड्यात पूर चौऱ्याऐंशी पानांचा होता.

शेवटाबद्दल आमचं खरोखर वाजलं. मला लग्न नको होतं. दोघं गाळानं भरलेल्या दुकानात चहा पितात तिथे थांबा, असं माझं म्हणणं. त्या ऐकेनात. म्हणाल्या, "ताई, ज्या बाईनं दोनशे पानं माझ्यासोबत काढली तिला मी चहावर घरी पाठवणार नाही." मी आठवडाभर विचार केला आणि त्यांचं बरोबर आहे असं कळवलं. प्रेमकादंबरी वाचणारी बाई शेवट जाणूनच पुस्तक हातात घेते. जमणार आहे हे तिला ठाऊक असतं, कसं जमतं हे तिला बघायचं असतं. तो शब्द लेखकानं दिलेला असतो, तो पाळायचा. शेवट उघडा ठेवला म्हणजे पुस्तक थोर होतं, ही समजूत माझ्याही डोक्यात कुठेतरी बसली होती आणि या प्रकरणात ती आड येत होती.

लग्न आहे, पण नोंदणी पद्धतीनं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. त्यातही थांबावं लागतं : नोटीस दिल्यापासून तीस दिवस, ती नोटीस कार्यालयात लावलेली. एकदा सहा महिने थांबलेली बाई पुन्हा महिनाभर थांबते. या तीस दिवसांत ती एकदा समीरला फोन करते, लग्न करते आहे म्हणून सांगायला. तो म्हणतो, "बरं झालं." थोड्या वेळानं म्हणतो, "मी आता स्वयंपाक शिकलोय." फोन तिथेच संपतो. पहिल्या हस्तलिखितातल्या समीरला हे वाक्य कोणी दिलंच नसतं. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. दोन तिच्या पतसंस्थेतले, तिसरे मामा, पातेलंवाले. ते पातेलं नव्या घरात दूध तापवायला आहे. आत्याबाईंचा डबाही आहे, त्यात ती मीठ ठेवते. झेरॉक्सवाल्याची मुलगी डब्यावरची अक्षरं वाचून विचारते, "मानसी कोण?" आणि ज्योत्स्ना तिला सांगायला बसते. कादंबरी इथे संपते.

आता पुस्तक ६१,००० शब्दांचं झालं आहे. प्रकाशकांनी वाचून मला फोन केला. फार बोलले नाहीत, एवढंच विचारलं की दुसऱ्या वाचनातही पेट्रोल पंपापाशी असंच होतं का. मी हो म्हटलं. एक गोष्ट मला अजूनही पूर्ण पटलेली नाही : सासूचं पात्र. समीरला माणूस करताना सगळा दोष हळूहळू तिच्याकडे सरकला आणि आम्हाला दोघींनाही ते उशिरा दिसलं. दोन प्रसंग नव्यानं लिहिले, पण ती अजून दुरूनच दिसते. पुढच्या वेळी मी त्या पात्राखालीही रेघा मारेन.

दुसरं प्रूफ गेल्या आठवड्यात आलं. राजपत्राच्या प्रकरणात, ती नाव सांगते त्याच ओळीत, 'ज्योस्ना' छापून आलं होतं. मी तिथे हंसपद काढलं आणि समासात त लिहिला.